जर्सीच्या मातीत चुना

जमिनीत मुद्दाम चुना घालणाऱ्याला मातीतलं काही कळत नाही, असं माझं पक्कं मत होतं. ते मी मनात ठेवलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत लॉनचा विषय निघाला, आणि इथे तो निघतोच, की मी ते ऐकवायचो. पानगळ सुरू झाली की इथल्या दुकानांबाहेर चुन्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. चाळीस-चाळीस पौंडांच्या त्या पिशव्या लोक गाडीच्या डिकीत रचून नेतात आणि घरासमोरच्या हिरवळीवर पसरतात. मला त्यांची कीव यायची. हल्ली त्याच लोकांत मीही असतो. मधल्या काळात काय झालं, ते सांगतो.

मी सांगली जिल्ह्यातला, ऊस पिकवणाऱ्या घरातला. आमच्या रानाच्या एका कडेला काळ्या मातीखाली हातभर खोलीवर पांढरी चुनखडी लागते. त्या पट्ट्यातला ऊस हमखास केवडा पडायचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पोंग्यातून निघणारं कोवळं पान शिरांपुरतं हिरवं राहतं, शिरांमधली जागा पिवळी पडते आणि पुढे पान पांढरंफटक होतं. जमिनीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण चुनखडीच्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास किंवा वर असतो आणि तिथे लोह विरघळत नाही. मुळाच्या शेजारी असूनही ते पिकाच्या तोंडी लागत नाही. मग हिराकस पाण्यातून फवारा, शेणखतात मुरवून सरीत घाला, असे उपाय चालायचे. माती परीक्षणाचा कागद आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी सामू बघायचे, मग मुक्त चुनखडीचा आकडा. नत्र, स्फुरद, पालाश त्यानंतर.

एका शेतकरी मेळाव्यात कृषी खात्याच्या माणसाने आमच्या रानातलं ढेकूळ बशीत ठेवून त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले होते. ढेकूळ चर्रर्र आवाज करत फेसाळलं. "बघा, आमचा चुना बोलाय लागला," अण्णा शेजारच्याला म्हणाले. असं घडताना बघत मोठ्या झालेल्या पोराला कुणी सांगितलं, पैसे मोजून चुना आण आणि जमिनीवर टाक, तर त्याने काय म्हणावं?

अर्थात माझ्या विरोधात शेतीचं ज्ञान निम्मंच होतं. उरलेला निम्मा होता लॉनबद्दलचा आकस. आमच्याकडे पाण्याची पाळी रात्री दोनला आली तरी बॅटरी घेऊन बांधावर जायचं. त्या घरातून इथे आल्यावर, जे गवत माणूस खात नाही, जनावर खात नाही, ते पाणी पाजून वाढवायचं आणि वाढलं की कापून टाकायचं, हे पचनी पडत नव्हतं. घर घेतलं तेव्हा लॉन घराबरोबर आलं. नगरपालिकेचे नियम, शेजाऱ्यांच्या नजरा, यांमुळे कापत होतो इतकंच. चुना हा मला त्या सगळ्या चैनीवरचा कळस वाटायचा. आकसाला शास्त्राचा आधार सापडला की तो सोडवत नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, तिथल्या तीन-तीन हजार मिलिमीटर पावसात मातीतला चुना टिकत नाही, हे मी शाळेत शिकलो होतो. ते आठवायची गरज मला वाटली नाही, कारण आठवलं असतं तर वाद हरलो असतो.

शंकेची पहिली पाचर मारली ती आमच्याच पायवाटेने. रस्त्यापासून दारापर्यंत काँक्रीटची पायवाट आहे. तिच्या दोन्ही कडांना वीतभर रुंदीच्या पट्ट्यात गवत दाट आणि काळपट हिरवं असायचं. पट्टा संपला की गवत विरळ, फिकट, मध्ये मध्ये शेवाळ. पायवाटेवरचं पाणी कडेला उतरतं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. पण पलीकडे पागोळ्यांचं पाणी पडतं तिथेही ओल असायची आणि तिथलं गवत मात्र रडकंच. एकदा खुरपं घेऊन दोन्हीकडची माती उकरली. कडेच्या पट्ट्यात मुळं बोटाएवढी खोल गेलेली. पुढच्या भागात गवताचा तुकडा ओढला तर सहज सोलून हातात आला, आणि मुळांच्या वर वाळक्या काड्यांचा न कुजलेला जाड थर. सिमेंटमध्ये चुना असतो आणि पाऊस तो थोडा थोडा झिरपवून कडेच्या मातीत नेतो, हे कळायला मला वेगळं शिकायची गरज नव्हती. मान्य करायलाच वेळ लागला.

मग मेळाव्यातला प्रयोग केला. शेजारच्या म्हातारबुवांकडून मूठभर चुन्याच्या गोळ्या मागून आणल्या. एका बशीत त्या, दुसऱ्या बशीत आमची माती, दोन्हींवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. गोळ्या फसफसल्या. माती गप्प. बशीला कान लावून ऐकलं, ही मागे उभी राहून बघत होती. "अहो, ऐकू येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा," म्हणाली. माती फेसाळली नाही म्हणजे ती आम्लधर्मी आहे असं सिद्ध होत नाही. तिच्यात मुक्त चुना नाही एवढंच कळतं. पण सांगलीच्या बळावर मी इथे जे बोलत होतो, त्याचा पाया तेवढ्यानेच गेला.

अण्णांना फोन केला. मला वाटलं होतं, ते माझी बाजू घेतील.

"तिकडं पाऊस किती?" त्यांनी विचारलं.

"अकराशे-बाराशे मिलिमीटर. पण बारा महिने पडतो, आणि हिवाळ्यात बर्फ."

"मग चुना ऱ्हाईल कशाला? धुऊन गेला असंल की खाली. मला काय इचारतोस, माती तपासून घे."

एवढंच बोलून त्यांनी कारखान्याच्या दराचा विषय काढला. ज्यांच्या नावावर मी इतकी वर्षं चुन्याला नाही म्हणत होतो, त्यांना चुन्याशी वैर नव्हतंच. ते फक्त आकडा बघत होते.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस पाचसहाशे मिलिमीटर. तो जेमतेम मातीत मुरतो, ऊन त्याला पुन्हा वर ओढतं, आणि पाण्यात विरघळलेला चुना तिथल्या तिथे खडे होऊन बसतो. इथे पडणाऱ्या पाण्याला खाली जायला वाव असतो, आणि जाताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत नेतं. त्यांच्या जागी मातीच्या कणांवर हायड्रोजन आणि अॅल्युमिनियम येऊन बसतात. त्यात आपण खत घालतो. युरिया असो की अमोनियम सल्फेट, मातीतले जिवाणू त्यातल्या अमोनियमचं नायट्रेट करतात आणि त्या उठाठेवीत आम्ल तयार होतं. तेवढ्याच नत्रामागे अमोनियम सल्फेट युरियाच्या जवळजवळ तिप्पट आम्लता मागे ठेवतं. म्हणजे हिरवळ राखणारा माणूस दर हंगामात स्वतःच माती आंबट करत असतो.

या देशात ही गोष्ट ज्याने जिद्दीने मांडली, तो माणूस मला अजिबात आवडत नाही. व्हर्जिनियाचा जमीनदार एडमंड रफिन. तंबाखू आणि मक्याने थकलेल्या जमिनी शेणखत घालूनही सुधारत नाहीत, कारण त्यांत आम्ल साचलं आहे, असं त्याने ओळखलं. 1818 पासून त्याने आपल्या रानात जमिनीखालचा शंखशिंपल्यांचा चुनकट मार्ल उकरून पसरायला सुरुवात केली आणि 1832 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पीएच ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ती सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1909 मध्ये मांडली. इतक्या आधी केवळ निरीक्षणावर हे ओळखणं ही थोर गोष्ट आहे. पण तो मार्ल उकरून वाहणारे हात गुलामांचे होते. रफिन गुलामगिरीचा कडवा पुरस्कर्ता होता, आणि ती टिकावी म्हणून देश फोडायला निघालेल्यांत सर्वांत पुढे. दक्षिणेचा पराभव झाल्यावर 1865 मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. मातीबद्दल इतकं स्वच्छ बघणारा माणूस माणसांबद्दल इतका आंधळा असू शकतो, हे वाचल्यापासून चुन्याची पिशवी उचलताना मला तो आठवतोच.

असो. माती तपासायला दिली. इथे रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, घरगुती बागांचे नमुनेही घेते. नमुना काढणं मला शिकवावं लागलं नाही. वाफसा असताना, खुरप्याने व्हीच्या आकाराचा खड्डा, ठिकठिकाणची माती एकत्र कालवून तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा तेच. फरक एवढाच की उसाच्या रानात वीतभर खाली जातो, लॉनला चार इंच पुरतात. वरचा गवत-काड्यांचा थर मात्र काढून टाकायचा. पुढच्या आणि मागच्या अंगणाची माती मी मिसळली नाही, आणि ते बरंच झालं. पुढच्या मातीचा सामू आला 5.2, मागचीचा 6.3.

घराच्या दोन बाजूंना इतका फरक बघून मी चक्रावलो. मग लक्षात आलं, बांधकामाच्या वेळी मागच्या बाजूला बाहेरची माती आणून भर घातलेली असणार. जागोजागी विटांचे आणि सिमेंटचे तुकडे लागतात. इथल्या थंड हवेतल्या बहुतेक गवतांना सहा ते सात सामू मानवतो. मागच्या अंगणाला चुन्याची गरजच नव्हती. पुढच्याला नक्की होती. हा आकडा दिसतो त्यापेक्षा वाईट असतो, कारण ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते: सामू 5 ची माती 6 च्या मातीपेक्षा दसपट आम्ल. 5.5 च्या खाली गेलं की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं खुंटवतं. सोलून हातात आलेल्या त्या गवताचा उलगडा असा झाला. काड्या न कुजण्याचाही, कारण कुजवणारे जिवाणू आंबट मातीत मंदावतात.

पण माझं मत खऱ्या अर्थाने फिरवलं ते सामूच्या खाली छापलेल्या दुसऱ्या आकड्याने. सामू 5.2 म्हणजे इतका चुना, असा सरळ हिशोब असेल अशी माझी समजूत होती. तसा तो नसतो. रेताड मातीचा सामू 5.2 असेल तर थोड्या चुन्यात ती ताळ्यावर येते. चिकणमातीचा तोच सामू असेल तर तिला दुप्पट-तिप्पट लागू शकतो, कारण तिच्या कणांना चिकटलेलं आम्ल पाण्यात उतरलेल्या आम्लापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि वरचं संपलं की आतून बाहेर येत राहतं. सामू दारात आलेले पाहुणे मोजतो. मागच्या बसमध्ये किती बसलेत, ते बफर नावाची चाचणी सांगते. म्हणून सामू मोजायची सुई मातीत खोचून चुन्याचं प्रमाण ठरवता येत नाही. शेजाऱ्याने किती टाकला, यावरून तर मुळीच नाही.

अहवालात लिहिलं होतं: दर हजार चौरस फुटांना 100 पौंड, दोन हप्त्यांत. उगवलेल्या गवतावर एका वेळी 50 पौंडांहून जास्त टाकायचा नाही, हा इथला सर्वसाधारण दंडक.

आता दुकानातली थप्पी मला वेगळी दिसायला लागली. एकाच रांगेत चार वस्तू असतात आणि लोक त्यांना सरसकट 'लाइम' म्हणतात. कॅल्साइटचा चुना, म्हणजे साधा चुनखडीचा दगड दळलेला. डोलोमाइटचा, ज्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असतं. विरी गेलेला चुना, जो आपल्याकडे भिंतींना लावतात आणि पानाला लागतो. आणि शेजारी जिप्समची पिशवी, जी खरं तर या रांगेत नसावी. जिप्सम आम्ही सांगलीकडे चोपण जमिनीत टाकतो, सोडियम हुसकायला. त्याने सामू वाढत नाही. इथे मात्र 'कॅल्शियमच तर आहे' म्हणून ते नेणारे मी पाहिलेत. एका मराठी गृहस्थांना मी रांगेतच अडवलं. त्यांना ते आवडलं नाही.

विरी गेलेल्या चुन्याचा मला सुरुवातीला मोह पडला होता. ताकद जास्त, शुद्ध चुनखडी शंभर धरली तर तो सुमारे 135. काम लगेच. पण तो दाहक असतो, ओल्या गवताला भाजतो, कातडीला आणि डोळ्यांना इजा करतो, आणि प्रमाण थोडं चुकलं तरी सामू उसळी मारतो. पानाला नखावर घ्यायचा चुना फावड्याने का टाकू नये, हे पान खाणाऱ्याला सांगायला नको. दळलेला दगड मंद असतो, आणि त्याचा तो मंदपणाच मला हवा होता.

कॅल्साइट की डोलोमाइट, हे अहवालातल्या मॅग्नेशियमवर ठरतं. आमच्या पुढच्या अंगणात ते कमी होतं, म्हणून डोलोमाइट. मॅग्नेशियम पुरेसं असेल तर कॅल्साइट घ्यावा. डोलोमाइट विरघळायलाही जरा सावकाश. मग पिशवीच्या मागचा बारीक मजकूर. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, कॅल्शियम कार्बोनेट इक्विव्हॅलंटचा आकडा, म्हणजे हा माल शुद्ध चुनखडीच्या किती टक्के कामाचा आहे. दुसरी, तो किती बारीक दळलाय. साठ मेशच्या, म्हणजे इंचाला साठ छिद्रांच्या चाळणीतून गळणारी पूड काही महिन्यांत कामाला लागते. आठ-दहा मेशवर अडकणारे कण वर्षानुवर्षं मातीत नुसते खडे म्हणून पडून राहतात. दोन पिशव्यांचं वजन सारखं असलं तरी चुना सारखा नसतो.

गोळ्यांच्या चुन्याबद्दलही माझं मत बदललं, आणि हे बदलणं मला जास्त जड गेलं, कारण यात पैसे होते. गोळी म्हणजे तीच बारीक पूड, पाण्यात विरघळणाऱ्या चिकट द्रव्याने बांधलेली. किंमत पुडीपेक्षा बरीच जास्त. पूडच घ्यायची, बांधणावळीचे पैसे का द्यायचे, या तत्त्वाने मी पूड आणली. वारा नव्हता तरी ती बुटांवर, केसांत, गाडीच्या काचेवर बसली. गवतावर कुठे पांढरा ढीग, कुठे काहीच नाही. हिने सुकत घातलेल्या चादरी पुन्हा धुतल्या आणि तत्त्वाचा विषय घरात संपला. गोळ्या स्प्रेडरमधून एकसारख्या पडतात, पाऊस पडला की फुटून पांढरे ठिपके होतात आणि दुसऱ्या पावसात तेही दिसेनासे होतात. त्या सोयीचे पैसे आता मी देतो. 'झटपट' असं लिहून एका पिशवीत पाच हजार चौरस फूट भागवायचं आश्वासन देणाऱ्या पिशव्यांना मात्र देत नाही. जितकं आम्ल, तितका चुना लागणारच. गोळी करून त्याचं वजन कमी होत नाही.

टाकण्याचं काम साधं आहे, हिशोब तेवढा हवा. पुढचं अंगण सुमारे दोन हजार चौरस फूट. पहिल्या हप्त्याला 100 पौंड शुद्ध चुनखडीएवढं काम हवं. माझ्या पिशवीचा इक्विव्हॅलंट 90, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 111 पौंड माल, तीन पिशव्यांना थोडा कमी. त्यातला अर्धा उभ्या फेऱ्यांत, अर्धा आडव्या, म्हणजे पट्टे उरत नाहीत. आधी एरेटर फिरवून मातीचे बोटभर गड्डे काढले, कारण वर टाकलेला चुना स्वतःहून वर्षाला अर्धा-एक इंचच खाली सरकतो. ती भोकं त्याला वाट देतात. हे सगळं नोव्हेंबरमध्ये. हिवाळाभर माती गोठते, सुटते, भेगाळते, आणि चुना हळूहळू आत जातो. युरिया त्याच सुमारास टाकायचा नाही. चुन्याने पृष्ठभागाचा सामू वाढलेला असताना युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि खताचे पैसे वासापुरते उरतात.

चुना टाकताना मी एका गोष्टीत बेसावध होतो. लॉनच्या कडेला अझेलियाची रांग आहे. स्प्रेडर वळवताना गोळ्या तिच्या बुडाशी उडाल्या असणार. पुढच्या उन्हाळ्यात तिची नवी पानं शिरांपुरती हिरवी, बाकी पिवळी. ही म्हणाली, पाणी कमी पडलं. मी पान उलटसुलट करून बघितलं, आणि काय झालं ते विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती. हा आमच्या चुनखडीच्या पट्ट्यातला केवडा. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लूबेरी ही सगळी आंबट मातीची झाडं. ब्लूबेरीला तर साडेचार-पाच सामू लागतो. याच राज्याच्या दक्षिणेतल्या रेताड पाइन बॅरन्समध्ये एलिझाबेथ व्हाइट आणि शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली झुडपं निवडून ब्लूबेरीची लागवड रुळवली आणि 1916 मध्ये तिचं पहिलं पीक बाजारात नेलं. तिला आंबट मातीच हवी, हे कोव्हिलने आधी शोधलं म्हणून ते जमलं. न्यू जर्सीच्या त्या मातीत चुना टाकणारा माझ्या जुन्या व्याख्येत अजून चपखल बसतो.

त्यामुळे माझं जुनं मत मी फेकून दिलेलं नाही. मध्यंतरी सांगलीहून चुलत भावाचा फोन आला. त्याने बंगल्याभोवती कार्पेट लॉन लावलंय, बोअरचं पाणी देतोय, आणि गवत पिवळं पडतंय. कुठल्याशा व्हिडिओत पाहून तो चुना आणायला निघाला होता. मी ओरडलोच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातूनच जमिनीत चुना जमतोय, वर आणखी कशाला? माती तपास, हिराकस फवारून बघ. "मग तू कशाला टाकतोस?" त्याने विचारलं. पावसापासून सुरुवात करून मी त्याला सगळं समजावलं. त्याला ते पटलं की फोनचा कंटाळा आला, कळलं नाही.

इथल्या मंडळींशी माझे वाद अजून होतात, फक्त मुद्दे बदललेत. शेवाळ आलं की चुना टाका, हे मला मान्य नाही. शेवाळ येतं सावली, ओल आणि दडपलेल्या मातीमुळे. आमच्या मेपलखाली सामू ठीक आहे आणि शेवाळही आहे. दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. डँडेलियन दिसला म्हणजे माती आंबट, हेही खरं नाही. तो कुठेही उगवतो. आणि लॉन सांभाळणाऱ्या कंपन्या न तपासता दर पानगळीला चुना टाकून जातात, त्याची पावती दारात अडकवतात, ते तर मला पूर्वीइतकंच खटकतं. सामू सातच्या बराच वर गेला की लोह, मँगेनीज अडकायला लागतं, आणि वर गेलेला सामू खाली आणणं चुना टाकण्याइतकं सोपं नाही. गंधक टाकून वाट बघत बसावं लागतं. चुनखडीच्या रानावर तर तोही उपाय परवडत नाही, हे मी घरी पाहिलंय.

ज्यांच्याकडून मी गोळ्या मागून आणल्या होत्या, ते शेजारचे म्हातारबुवा दर वर्षी चुना टाकतात, कारण त्यांचे वडील टाकायचे. बरेच दिवस मागे लागून मी त्यांच्या मातीचा नमुना काढला, नीट चार भाग करून, आणि पाठवला. सामू आला 7.2.

"मग आता बंद?" मी विचारलं.

"दोन पिशव्या गॅरेजमध्ये पडल्यात," ते म्हणाले. "तुला हव्यात का?"

डोलोमाइटच्या होत्या, गोळीच्या, इक्विव्हॅलंटही चांगला होता. माझा दुसरा हप्ता बाकी होता. मी घेतल्या.